नऊ रात्रींचे व्हिएन्नातील घर

२०२५च्या मे महिन्यात आम्ही चौघे, म्हणजे मी, पत्नी, लेक आणि माझी ७९ वर्षांची आई, ऑस्ट्रियातील व्हिएन्नाला जाऊन आलो आणि तेथील नऊ रात्री हॉटेलात न राहता ओटाक्रिंग भागातील एका जुन्या इमारतीत, भाड्याने घेतलेल्या घरात राहिलो. परत आल्यापासून नागपूरला अंबाझरीला सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींपैकी अनेकांनी मला एकच प्रश्न विचारला आहे, तो म्हणजे हे स्वस्त पडले का. त्याचे उत्तर चालता चालता देण्यासारखे नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

घर घ्यावे असा आग्रह पत्नीचा होता आणि त्याला विरोध माझा होता. प्रतापनगरातील आमच्या दहा घरांच्या फ्लॅट स्कीममध्ये तिसऱ्या मजल्यावरचा एक फ्लॅट गेली दोन वर्षे रोजाच्या भाड्याने दिला जातो. रात्री दीड वाजता जिन्यावरून बॅगांची चाके आपटत लोक येतात, चुकीच्या दाराची बेल वाजवतात, दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावतात आणि जाताना कचऱ्याची पिशवी पॅसेजमध्ये सोडून जातात. सोसायटीचा सचिव या नात्याने त्या मालकांना मी स्वतः दोन पत्रे लिहिलेली आहेत. परक्या गावात, परक्या लोकांच्या जिन्यात, आता आपणच ते बॅगवाले होणार, हे मला पटत नव्हते.

पत्नीने मांडलेला मुद्दा मात्र खोडून काढता येत नव्हता. आई अंडे खात नाही, संध्याकाळी सातला तिला वरणभात लागतो, कारण त्यावर गोळ्या घ्यायच्या असतात, आणि हॉटेलात राहायचे तर दोन खोल्या घ्याव्या लागल्या असत्या, म्हणजे आई आणि लेक एकीकडे, आम्ही दोघे दुसरीकडे. रात्री आईला उठावेसे वाटले तर मधे एक लांब पॅसेज आणि दोन कुलूपबंद दारे. व्हिएन्ना हे शहरही आईनेच निवडले होते. तिने नागपूरच्या शाळेत एकतीस वर्षे भूगोल शिकवला आणि डॅन्यूब नदी फळ्यावर असंख्य वेळा काढली. ती एकदा प्रत्यक्ष पाहायची तिची इच्छा होती. शेवटी मी होकार दिला, पण एका अटीवर, की घर शोधण्याआधी त्या शहराचे नियम वाचायचे.

हे नियम वाचायला हवेत असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण ते कोणाच्या तरी त्रासातून तयार झालेले आहेत. व्हिएन्नात १ जुलै २०२४ पासून राहते घर विशेष परवानगीशिवाय वर्षातून ९० दिवसांपेक्षा अधिक काळ पर्यटकांना देता येत नाही. इमारतीत अनेक मालक असतील, तर इतर मालकांची संमती लागते. महापालिकेच्या मालकीची जी घरे आहेत, ज्यांत त्या शहराची जवळजवळ एक चतुर्थांश वस्ती राहते, ती तर पर्यटकांना देताच येत नाहीत. पॅरिसने आपली मर्यादा २०२५ पासून १२० दिवसांवरून ९० दिवसांवर आणली. बार्सेलोनाच्या महापौरांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले, की शहरातील १०,१०१ पर्यटक घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवले जातील. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे असेल तर यजमानाने स्वतः तेथे हजर राहावे लागते आणि पाहुणे दोनच ठेवता येतात. या सगळ्यामागचे कारण एकच आहे. जे घर एखाद्या कुटुंबाला महिन्याच्या भाड्याने मिळाले असते, ते रोजाच्या भाड्यात मालकाला अधिक पैसे देते, आणि मग त्या वस्तीतला रहिवासी शहराबाहेर ढकलला जातो.

म्हणून आम्ही एकाच मालकाच्या नावावर बारा-बारा घरे असलेल्या जाहिराती बाजूला काढल्या आणि कोणी स्वतः राहत असलेले घर शोधू लागलो. एका जाहिरातीतील गृहस्थांनी संकेतस्थळाबाहेर, थेट बँकेत पैसे पाठवल्यास पंधरा टक्के सवलत देऊ केली. तेथेच संवाद थांबवला, कारण पैसे एकदा बाहेरून गेले की घर अस्तित्वातच नसले तरी दाद मागायला जागा उरत नाही. अखेर जे घर मिळाले ते एका शिक्षिकेचे होते. त्या दर उन्हाळ्यात काही आठवडे आपल्या गावी जातात आणि तेवढ्यापुरते घर देतात. मी त्यांना सरळ विचारले, की इमारतीतील लोकांना हे ठाऊक आहे का आणि ते चालते का. त्यांचे उत्तर तासाभरात आले. संमती घेतलेली आहे, आणि समोरच्या दारातील आजींना तुमची नावे कळवून ठेवीन, असे त्यांनी लिहिले होते. त्या शेवटच्या वाक्याने माझा निर्णय पक्का झाला.

व्हिसाच्या बाबतीत घराची एक अडचण येते, ती आधीच सांगतो. शेंगेन व्हिसासाठी, म्हणजे युरोपातील बऱ्याच देशांना चालणाऱ्या एकाच व्हिसासाठी, निवासाचा पुरावा द्यावा लागतो. हॉटेलाच्या पावतीवर सर्वांची नावे सहज घालून मिळतात, पण घराच्या पावतीवर बहुधा आरक्षण करणाऱ्या एकट्याचेच नाव असते. आम्ही मालकीणबाईंकडून चौघांची नावे, पासपोर्ट क्रमांक, तारखा आणि घराचा पूर्ण पत्ता असलेले पत्र मागवून घेतले आणि बोटांचे ठसे द्यायला मुंबईला गेलो तेव्हा ते सोबत जोडले. शिवाय माणशी ९० युरो शुल्क भरूनही व्हिसा मिळेलच याची खात्री नसते, त्यामुळे आरक्षण रद्द केल्यास पैसे परत मिळतील असेच घर घेतले. रद्द करण्याच्या मुदतीची तारीख लेकीने कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवली होती.

आता पैशांचा हिशेब. रात्रीचे ११८ युरो, म्हणजे नऊ रात्रींचे १,०६२. त्यावर साफसफाईचे एकरकमी ७५, तेव्हा ३.२ टक्के असलेला शहराचा निवासकर आणि संकेतस्थळाचे शुल्क धरून एकूण सुमारे १,२९० युरो झाले. एक युरो साधारण ९५ रुपयांना पडत होता, म्हणजे सव्वा लाखाच्या थोडे आत. त्याच भागातील मध्यम हॉटेलात दोन खोल्यांना रात्रीचे २१० युरो पडत होते, म्हणजे नऊ रात्रींचे १,८९०. फरक स्पष्ट आहे, पण तो नऊ रात्रींमुळे आहे, हे विसरू नये. साफसफाईचे ७५ युरो नऊ रात्रींत विभागले तर रोजचे आठ होतात, दोनच रात्री राहिलात तर साडेसदतीस होतात. दोघेच जण दोन-तीन रात्रींसाठी जाणार असाल, तर हॉटेल घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सामान भरताना दोन गोष्टी शिकलो. घरात इंडक्शनची शेगडी होती आणि इंडक्शनवर ॲल्युमिनियमचे साधे भांडे तापत नाही. फ्रीजवरचे लोहचुंबक घेऊन पत्नीने स्वयंपाकघरातील एकेक भांडे तपासले. चुंबक बुडाला घट्ट चिकटले तर भांडे चालेल, गळून पडले तर नाही. आमचा वीस वर्षांचा ॲल्युमिनियमचा कुकर अर्थातच नापास झाला, आणि काही स्टीलच्या पातेल्यांनाही चुंबक चिकटेना. शेवटी इतवारीतील भांड्यांच्या दुकानातून इंडक्शनला चालेल असा दोन लिटरचा स्टीलचा कुकर आणला. त्या नऊ दिवसांत त्याने जेवढे काम केले तेवढे दुसऱ्या कोणत्याही वस्तूने केले नाही.

दुसरी गोष्ट खाण्याची. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, आणि यजमानांना द्यायला म्हणून जी आपण डोळे मिटून उचलतो ती संत्रा बर्फीही नाही, कारण तिच्यात खवा असतो. संत्रीसुद्धा नाहीत, अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन सोडून इतर ताज्या फळांना वनस्पती आरोग्याचे प्रमाणपत्र लागते. आम्ही डाळी, मेतकूट, पोहे, गोडा मसाला आणि मालकीणबाईंसाठी चिवडा नेला.

दोहामार्गे शनिवारी दुपारी उतरलो. मालकीणबाईंनी आदल्या दिवशी चौघांच्या पासपोर्टची माहिती मागवून पाहुण्यांची नोंद तयार ठेवली होती. परदेशी पाहुणा आला की आपल्याकडेही घरमालकाला त्याची माहिती सरकारला कळवावी लागतेच, त्यामुळे त्याचे नवल वाटले नाही. विमानतळावरून लोकल, मग मेट्रो असे करत घरापाशी पोहोचायला संध्याकाळचे साडेसहा झाले. आणि तेथे माझी चूक उघडी पडली.

जाहिरातीत ‘दुसरा मजला, लिफ्ट नाही’ असे लिहिले होते. आपल्याकडे दुसरा मजला म्हणजे दोन जिने, तेवढे आई हळूहळू चढेल, असे मी धरून चाललो होतो. व्हिएन्नाच्या जुन्या इमारतींत तळमजल्यानंतर अर्धा जिना चढून ‘होखपार्टेर’ येतो, त्यानंतर ‘मेझानिन’, त्यानंतर पहिला मजला आणि मग दुसरा. आई प्रत्येक वळणावर कठड्याला धरून थांबत होती आणि तिच्या मागे एक पायरी सोडून मी उभा राहत होतो. लेकीने पायऱ्या मोजल्या, ७४ भरल्या. आईने तक्रारीचा एक शब्द काढला नाही, परंतु पुढचे नऊ दिवस तिला दिवसातून एकदाच खाली उतरता आले, आणि ती गोष्ट मला आजही टोचते. मजला कितवा हे विचारण्याऐवजी रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, हे विचारायला हवे होते. एवढा एक प्रश्न मी विचारला नाही.

वर पोहोचल्यावर कळले की दूध आणायलाही उशीर झाला आहे. ऑस्ट्रियात शनिवारी संध्याकाळी सहाला दुकाने बंद होतात आणि रविवारी उघडतच नाहीत. अपवाद मोठ्या रेल्वे स्थानकांतील दुकानांचा. हॉटेलात उतरलो असतो तर हे जाणवलेही नसते. त्या रात्री कुकरमध्ये मुगाची खिचडी लावली, आईने कोरा चहा घेतला आणि रविवारी सकाळी मी मुख्य रेल्वे स्थानकात जाऊन दूध, दही, लोणी आणि बटाटे घेऊन आलो. ज्यांना शनिवारी संध्याकाळी पोहोचायचे आहे त्यांनी विमानतळावरच दुधाची पिशवी घ्यावी.

सोमवारपासून मात्र घर घेतल्याचे खरे सुख सुरू झाले. घराजवळच ब्रुनेनमार्क्ट नावाचा रस्त्यावरचा बाजार भरतो. विक्रेते पुष्कळसे तुर्की. कोथिंबिरीच्या, पुदिन्याच्या जुड्या, भेंडी, वांगी, सगळे रचून ठेवलेले. आई कोथिंबिरीला नागपूरच्या सवयीने सांबार म्हणते, ती “सांबार घे रे चांगला,” म्हणाली आणि विक्रेत्याने तिच्या बोटाच्या दिशेने पाहून बरोबर कोथिंबिरीची जुडी उचलली. तिला दुसऱ्या कोणत्याही खुणेची गरज पडली नाही.

कणकेने मात्र परीक्षा पाहिली. तेथे गव्हाच्या पिठाच्या पाकिटावर डब्ल्यू ४८०, डब्ल्यू ७०० असे आकडे असतात. हे आकडे पिठातील राखेचे, म्हणजे खनिजांचे प्रमाण दाखवतात, आणि आकडा जितका कमी तितके पीठ अधिक पांढरे व मैद्याजवळचे. आम्ही डब्ल्यू ७०० आणले. आईने भिजवलेला गोळा लाटला की पोळी रबरासारखी मागे सरायची. ती दहा मिनिटे त्या गोळ्याकडे पाहत उभी राहिली, मग तिने अर्धे पीठ पूर्ण गव्हाचे मागवले, कोमट पाण्याने मळले, वर ओले फडके टाकून तासभर ठेवले, आणि त्या संध्याकाळच्या पोळ्या घरच्यासारख्या झाल्या. फोडणीच्या वेळी मात्र खिडकी उघडायची आणि झोपण्याच्या खोल्यांची दारे लावून घ्यायची, हा नियम पत्नीने पहिल्याच दिवशी केला, कारण छतावर धुराचे सूचक यंत्र होते, आणि गाद्या-पडद्यांत शिरलेला हिंग मालकीणबाईंना परत आल्यावर महिनाभर सोसावा लागला असता.

नळाचे पाणी प्यायला आई आधी तयार नव्हती. “उकळून घेऊ,” असा तिचा धोशा होता. मी तिला तेथील पाण्याची हकिकत वाचून दाखवली. व्हिएन्नाचे पाणी आल्प्समधील झऱ्यांतून येते. पहिली पाणीवाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, दुसरी १९१० मध्ये, आणि डोंगरातून शहरापर्यंत पाणी उताराने वाहत येते. भूगोलाच्या शिक्षिकेला उतार म्हटल्यावर आणखी काही सांगावे लागत नाही. तिने लेकीकडून नकाशा मागून घेतला, श्नेबेर्ग डोंगरावर बोट ठेवले, तेथून शहरापर्यंत बोट ओढत आणले आणि मग नळाखाली पेला धरून पाणी प्यायली. पहिल्या वाहिनीच्या उद्घाटनासाठी श्वार्झेनबेर्ग चौकात उभारलेले कारंजे तिला दाखवले तेव्हा ती त्यासमोर अर्धा तास बसून होती. पेंचचे पाणी नागपूरला कसे येते हे ती वर्गात ज्या आवाजात सांगत असे, त्याच आवाजात ती लेकीला हे समजावत होती.

पाचव्या दिवशी मी दाराबाहेर अडकलो. व्हिएन्नातील घरांच्या दारांना बाहेरून फिरणारी मूठ नसते, स्थिर गोळा असतो. दार ओढले गेले की किल्लीशिवाय उघडत नाही. पत्नी आणि लेक शोनब्रुन राजवाडा पाहायला गेल्या होत्या, आई आत झोपली होती आणि तिने कानातले यंत्र काढून ठेवले होते. मी कचरा टाकायला स्लिपर घालून बाहेर पडलो आणि मागे वाऱ्याने दार लागले. किल्ली आणि फोन दोन्ही आत. बेल वाजवली, दार ठोठावले, उपयोग झाला नाही.

समोरच्या आजींनी दार किलकिले केले. मी “ग्रुस गोट”, म्हणजे तेथला नमस्कार, म्हणालो आणि हातवाऱ्यांनी सांगितले. त्यांनी माझे नाव विचारले, ते एका कागदाशी ताडून पाहिले आणि पुन्हा आत जाऊन मालकीणबाईंना फोन लावला. तोवर त्यांनी मला बसायला पॅसेजमध्ये लाकडी खुर्ची आणून दिली. फोनवर खात्री पटल्यानंतरच त्यांनी आपल्याजवळ ठेवलेली जादा किल्ली बाहेर काढली. त्या वीस मिनिटांत मला अवघडल्यासारखे झाले असले तरी त्यांनी केले ते पूर्णपणे योग्य होते. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची जादा किल्ली शेजारी कोणाकडे आहे, हे मला सचिव असूनही ठाऊक नव्हते.

ज्या खुर्चीवर मी बसलो होतो तिच्या शेजारी भिंतीत एक बिडाचे कोरीव कुंड होते, वर पितळी नळ. आजींना थोडे इंग्रजी येत होते. त्याला ‘बासेना’ म्हणतात, असे त्यांनी सांगितले. पूर्वी घराघरात नळ नव्हते, अख्खा मजला येथूनच पाणी भरत असे, आणि त्यांच्या आईची निम्मी मैत्री या कुंडापाशी झालेली. नागपूरच्या महाल भागात माझ्या आजोळच्या वाड्यात चौकातल्या नळावर सकाळी सहाला लागणारी रांग मला आठवली, आणि तेथली भांडणेही. आई उठल्यावर तिला मी ते कुंड दाखवले. दुसऱ्या दिवशी तिने आजींना वाटीभर चिवडा दिला. त्या दोघी त्या नळापाशी उभ्या राहून बराच वेळ बोलत होत्या, एक मराठीत आणि एक जर्मनमध्ये.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शौचालयात पाण्याचा फवारा नसतो, घरून पाण्याचा मग न्यावा. कपडे धुण्याच्या यंत्राला एका फेरीला दोन-अडीच तास लागतात, आणि रात्री दहानंतर ते लावायचे नसते, कारण तेव्हापासून शांततेची वेळ सुरू होते. कागद, ओला कचरा आणि उरलेला कचरा यांचे डबे आवारात वेगवेगळे असतात. पेयांच्या प्लास्टिकच्या बाटल्यांवर आणि पत्र्याच्या डब्यांवर जानेवारी २०२५ पासून प्रत्येकी २५ सेंट अनामत घेतली जाते आणि रिकामी बाटली दुकानातील यंत्रात टाकली की अनामत परत मिळते. लेकीने नऊ दिवसांत तेवढ्यावर तीन युरो जमवले.

निघताना चादरी काढून ठेवल्या, कुकरची शिटी पुसून पिशवीत घातली, बॅगा चाकांवर न ओढता मी आणि लेकीने उचलून खाली आणल्या, कारण पहाटेचे पाच वाजले होते. आजींचे दार बंद होते. आईने त्यांच्या दाराच्या गोळ्याला गोड्या मसाल्याची लहान पुडी बांधून ठेवली.

जूनच्या सोसायटीच्या सभेत मी तिसऱ्या मजल्याच्या मालकांविरुद्धचे तिसरे पत्र मांडणार होतो. ते मांडले नाही. त्याऐवजी त्यांच्यासोबत बसून एक पान तयार केले, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत, जे आता त्या फ्लॅटच्या दाराच्या आतल्या बाजूला लावलेले आहे. त्यात लिफ्ट कोठवर जाते, गाडी कोणत्या जागेवर लावायची, ओला कचरा किती वाजता द्यायचा, रात्री दहानंतर बॅगा उचलून न्याव्यात आणि अडचण आल्यास कोणाची बेल वाजवायची, एवढे लिहिले आहे. पाहुण्यांची नावे आदल्या दिवशी सचिवाला कळवण्याचे मालकांनी मान्य केले आहे. जादा किल्ली सध्या आमच्याकडे, आईच्या देवघराशेजारच्या खुंटीवर असते.